‘एच अपॉन फोर पाय’ आला कुठून?

रत्नागिरीत अकरावीला रसायनशास्त्र शिकवताना अणुरचनेच्या धड्यात एक शंका हमखास येते. हायझेनबर्गच्या अनिश्चितता तत्त्वाचं सूत्र मुलांना पाठ असतं: डावीकडे डेल्टा एक्स (जागेतली अनिश्चितता) गुणिले डेल्टा पी (संवेगातली, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग यातली अनिश्चितता), उजवीकडे एच अपॉन फोर पाय. एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक. मग कुणीतरी घरातलं जुनं पुस्तक आणतं. त्यात उजवीकडे नुसता एच असतो आणि उत्तर साडेबारापट मोठं. खरं कुठलं?

दोन्हींचा उगम १९२७ सालातला. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग तेव्हा कोपनहेगनला होता, वय २५. मार्चमध्ये पाठवलेल्या निबंधात त्याने गॅमा किरणांचा सूक्ष्मदर्शक कल्पिला. इलेक्ट्रॉनची जागा बारकाईने पाहायची तर तरंगलांबी आखूड हवी. ती जितकी आखूड, तितका इलेक्ट्रॉनला बसणारा धक्का मोठा. दोन अनिश्चिततांचा गुणाकार त्याने दिला तो ‘साधारण एचएवढा’. त्याला अंदाजच द्यायचा होता. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने या युक्तिवादातली चूक दाखवली, आणि हायझेनबर्गने निबंधाला पुस्ती जोडून ती मान्य केली.

त्याच वर्षी अर्ल केनार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञाने अनिश्चितता म्हणजे प्रमाण विचलन (मोजमापं सरासरीभोवती किती पसरली आहेत ते सांगणारी संख्या), अशी पक्की व्याख्या धरून सिद्ध केलं की हा गुणाकार एच अपॉन फोर पायच्या खाली जाऊच शकत नाही. आपण गणितात वापरतो ते सूत्र केनार्डचं. नाव मात्र हायझेनबर्गचं राहिलं.

‘धक्का बसतो म्हणून अनिश्चितता’ एवढंच मुलांच्या डोक्यात राहतं, याची मला खंत वाटते. मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं राहून पाहा. लाटेची लांबी मोजायला एकामागून एक दहा-बारा लाटा याव्या लागतात, पण मग लाट नेमकी कुठे आहे याला उत्तर नाही. एकच उसळी आली तर जागा कळते, लांबी कळत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ द ब्रॉयने १९२४ मध्ये संवेग तरंगलांबीशी जोडला होता. त्यामुळे हीच अडचण इलेक्ट्रॉनलाही लागू होते, उपकरण कितीही चांगलं असलं तरी.

आता गणित. बोरच्या १९१३ च्या नमुन्यात हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन ०.५३ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा दहा अब्जावा भाग) त्रिज्येवर सेकंदाला सुमारे २,१९० किलोमीटर वेगाने फिरतो. डेल्टा एक्स म्हणून हीच त्रिज्या घाला (अँगस्ट्रॉमचे मीटर केल्याशिवाय पुढे जाऊ नका!). वेगातली किमान अनिश्चितता येते सुमारे १,०९० किलोमीटर, म्हणजे वेगाच्या निम्मी. अशा इलेक्ट्रॉनची कक्षा काढणार कशी? म्हणून तर पुढे ऑर्बिटल येतं, म्हणजे इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता जास्त असलेला भाग. हेच पाव किलोच्या हापूसला लावा, जागा एक मिलिमीटरपर्यंत माहीत धरून: दशांश चिन्हानंतर तीस शून्यं आणि मग २, इतके मीटर प्रतिसेकंद.

जुन्या पुस्तकातला एच परिमाणाचा अंदाज घ्यायला चालतो. प्रश्नात ‘किमान’ हा शब्द असेल, तर फोर पायने भागायलाच हवं.