शनीची रिंग, द्राक्षाचा मणी आणि काकूंच्या कुरडया

सुट्टीत भाची नाशिकला आली आणि आल्या आल्या म्हणाली मामा आपण शनी बनवू, मग काय, फुगा फुगवला, त्यावर पेपरचे तुकडे खळ लावून चिकटवले आणि दोन दिवस गच्चीत वाळत घातला. स्केल सोपी धरली, 1 सेंटीमीटर म्हणजे 10,000 किलोमीटर. शनी झाला 12 सेमीचा. आणि पृथ्वी? जेमतेम सव्वा सेमी. घरात सीझनची शेवटची द्राक्षं होती त्यातला एक्स्पोर्टला न चालणारा बारका मणी शेजारी ठेवला, झाली पृथ्वी. याच मापात सूर्य 1.4 मीटरचा आणि शनीपासून जवळपास दीड किलोमीटर लांब, म्हणजे तो रामकुंडावर ठेवला तर शनी सीबीएस बसस्टँडच्या आसपास. हे सांगेपर्यंत भाचीने पृथ्वी खाऊन टाकली होती.

गोळा वरून-खालून जरा दाबायचा बरं का. शनी बहुतेक वायूचा आणि साडेदहा तासांत स्वतःभोवती गिरकी घेतो, त्यामुळे कंबरेत फुगतो, ध्रुवापासून ध्रुवापर्यंत 12 ऐवजी 11 सेमीच भरतो.

रिंग पुठ्ठ्याची कापली, बाहेरून 27 सेमी व्यासाची, तिच्यातली कॅसिनी फट, म्हणजे रिंगच्या दोन पट्ट्यांमधली काळी दिसणारी जागा, काळ्या स्केचपेनने अर्धा सेमी रंगवली. पण खरी गंमत इथे आहे, हा पुठ्ठा साफ खोटं बोलतो! 1 मिमी पुठ्ठा म्हणजे आपल्या मापात 1000 किलोमीटर जाडी, आणि खरी रिंग बऱ्याच ठिकाणी काही दहा मीटर, कॉलेज रोडवरच्या एखाद्या बिल्डिंगएवढी. दुसरं खोटं अजून मोठं. पुठ्ठा फिरवला की बाहेरची कड जास्त जोरात पळते, शनीवर उलटं, आतले तुकडे पळतात आणि बाहेरचे रेंगाळतात, कारण रिंग अखंड नाहीच, बर्फाचे अगणित खडे आहेत, धुळीच्या कणापासून घराएवढे, आणि प्रत्येक जण आपापली फेरी मारतोय. कॅसिनी फटीच्या आतल्या पट्ट्याची, म्हणजे बी रिंगची, आतली कड साधारण 8 तासांत फेरी मारते, फटीबाहेरच्या ए रिंगची बाहेरची कड 14 तासांच्या वर घेते. अखंड चकती असती तर टिकलीच नसती, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1859 मध्ये गणिताने दाखवलं, दुर्बिणीला हात न लावता.

मग प्रश्न आला, तिथे जायचं कसं. कोल्ड्रिंकची बाटली, बुचात सायकलचा व्हॉल्व आणि हवा भरायचा पंप. नुसती हवा भरून सोडली तर बाटली चार हात जाऊन आडवी. एक तृतीयांश पाणी घातलं आणि सुटली ती थेट टाकीच्या वर! पाणी हवेपेक्षा कितीतरी जड, ते जोरात मागे फेकलं की बाटलीला पुढे तेवढाच रेटा, रॉकेटचं सगळं गुपित एवढंच. ते मागे फेकलेलं पाणी मात्र शेजारच्या गच्चीतल्या काकूंच्या अर्ध्या वाळलेल्या कुरडयांवर पडलं, त्यावर नंतर जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खऱ्या रॉकेटचंही दुखणं हेच, फेकायचा माल सोबत न्यावा लागतो. चांद्रयान-3 नेणारं इस्रोचं एलव्हीएम-3 रॉकेट उडताना साधारण 640 टन, त्यात यान फक्त 3.9 टन, बाकी बहुतेक इंधन आणि वाटेत टाकून द्यायच्या टाक्या. 1997 मध्ये निघालेलं कॅसिनी यान शनीकडे सरळ जाऊच शकत नव्हतं, शुक्राकडून दोनदा, मग पृथ्वी आणि गुरूकडून वेग उसना घेत 2004 ला पोचलं.

शेवटी शनी दोऱ्याने खिडकीत टांगला. भाची समोर उभी राहिली आणि ओरडली, मामा रिंग गेली! पुठ्ठ्याची कड बरोब्बर तिच्या डोळ्यांच्या रेषेत आली होती. 1612 मध्ये गॅलिलिओचीही अशीच पंचाईत झालेली, दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीतून दिसलेले शनीचे 'कान', म्हणजे रिंगच्याच दोन बाजू, अचानक गायब. शनीला सूर्याभोवती जायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, त्यात रिंग दोनदा अशी कडेवर येते, म्हणजे साधारण दर दोन साडेसात्यांनी एकदा. मार्च 2025 ला आली होती, आता परत 2038 ला.