उन्हाळ्यातला नकाशा

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन आटोपून किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं गाढ झोपेत होती. ६.२ क्षमतेच्या भूकंपानं दगड-मातीच्या रुंद भिंती फाकल्या आणि माळवदाची जड माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. सरकारी आकड्यानुसारच जवळपास ८ हजार माणसं गेली. लष्कर, डॉक्टर, मदतीचे ट्रक नंतर पोचले. अंधारात पहिल्यांदा दगड उचलले ते शेजाऱ्यांनी, कारण कोणत्या घरात कोण कुठे निजतं, हे त्यांना पाठ होतं.

शेजाऱ्याला असलेली ही माहिती बाहेरून येणाऱ्या मदतवाल्याच्या हाती वेळेत कशी पडेल? मला यातला सगळ्यात मोलाचा प्रयत्न वाटतो तो लोकांनी मिळून काढलेल्या नकाशांचा. २००४ मध्ये ‘ओपनस्ट्रीटमॅप’ सुरू झाला. हा नकाशा कुणीही वापरावा, कुणीही दुरुस्त करावा. १२ जानेवारी २०१० ला हैतीमध्ये भूकंप झाला तेव्हा तिथल्या राजधानीचा नकाशा जवळपास कोराच होता. उपग्रहाची छायाचित्रं खुली होताच जगभरातले शेकडो स्वयंसेवक घरबसल्या ती गिरवायला लागले आणि थोड्याच दिवसांत बचाव पथकं तोच नकाशा हातातल्या यंत्रांवर घेऊन फिरू लागली. आता हे काम आणखी शिस्तीत चालतं. आपत्तीच्या भागाचे चौकोन पाडतात, एकानं एक चौकोन घ्यायचा, त्यातली छपरं आणि रस्ते गिरवायचे, मग दुसऱ्यानं ते तपासायचे.

पण छायाचित्राला काय दिसत नाही, हे मला मराठवाड्यात तेरणा नदीकाठच्या एका गावात कळलं. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर आम्ही काही जण तिथे गेलो होतो. देवळाच्या भिंतीवर पाण्याची मातकट रेघ अजून ताजी होती. नकाशाचा छापील कागद पारावर पसरला. एका आबांनी चष्मा पुसला, नदी ओळखली आणि पुलाकडून वस्तीकडे जाणाऱ्या ठळक रस्त्यावर बोट ठेवलं.

“ह्यो रस्ता पान्यात असतोय. पूल आधी बुडतो. आमी बांधाबांधानं माळावर जातो.”

“आबा, बांधावरची वाट यात नाही.”

“मग ह्यो नकाशा उन्हाळ्यातला हाय, लेकरा.”

आबांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहाला ढगांतून आरपार दिसत नाही. त्यामुळे नकाशा गिरवायला निवडतात ती छायाचित्रं निरभ्र दिवसांची, म्हणजे आपल्याकडे बहुतेक हिवाळ्यातली नाहीतर उन्हाळ्यातली. ज्या दिवशी नकाशा खरा लागतो, त्या दिवसाचं गाव त्यात नसतंच. रडारवाले उपग्रह ढगांपलीकडचं पाहतात, पाणी कुठवर पसरलंय तेही दाखवतात. पण पत्र्याखाली गोठा आहे की चुलीपाशी बसलेलं कुटुंब, हे तेही सांगू शकत नाहीत. कागदोपत्री एक नाव असलेल्या वस्तीला गाव दुसऱ्याच नावानं हाक मारतं, हेही वरून दिसत नाही. हे भरायला गावातलंच माणूस लागतं, आणि तेही पूर यायच्या आधी.

दुसरं साधन खिशातच असतं. मोबाइलला रेंज नसली तरी त्यातलं जीपीएस चालतं, कारण ते उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतं. नकाशा आधीच उतरवून ठेवला असेल तर आपण उभे आहोत त्या जागेचे अक्षांश-रेखांश लगेच वाचता येतात. दशांश चिन्हापुढचे चार आकडे घेतले की जागा साधारण ११ मीटरपर्यंत नेमकी सांगता येते. मग रेंज जराशी आली की ते आकडे एसएमएसनं पाठवायचे. फोन लागत नसतानाही एसएमएस बऱ्याचदा जातो, कारण त्याला अगदी थोडी जागा पुरते. देवनागरीत एका संदेशात ७० अक्षरं बसतात, इंग्रजी अक्षरं-आकड्यांत १६०. म्हणून आधी आकडे, मग माणसं किती, मग कुणी आजारी किंवा बाळंतीण आहे का, एवढंच लिहावं.

टॉवरच पडला तर हॅम रेडिओ, म्हणजे हौशी माणसं परवाना घेऊन चालवतात तो बिनतारी संच. त्याचा सेट १२ व्होल्टवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही चालतो. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानातून भारती प्रसाद यांच्या अशाच सेटवरून निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचले. परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. आपल्या प्रत्येक तालुक्यातल्या दोन-चार मुला-मुलींनी तरी ती द्यावी, असं मला फार वाटतं.

संकटात गावातल्याच माणसांनी असं पुढे होणं मराठवाड्याला नवं नाही. किल्लारीनंतर घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीत आरपार दगड का हवा, दाराच्या वर काँक्रीटचा पट्टा का हवा, हे त्यांनी घरोघरी समजावलं आणि लोकांच्या अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेल्या. २००१ मध्ये कच्छ हादरलं तेव्हा इथल्या बायका तिथल्या बायकांना भेटायला, शिकवायला गेल्या. त्यांच्याकडे नकाशा नव्हता, ॲप नव्हतं. ढिगाऱ्यातून उठलेल्या घराला पहिल्यांदा काय विचारायचं, ते त्यांना माहीत होतं.

तेरणाकाठच्या त्या गावात बचत गटाच्या तायांनी आता वही घातली आहे. कोणत्या वस्तीवर कुणाला चालता येत नाही, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, कुणाच्या घराला पक्का स्लॅब आहे. आबांची बांधावरची वाट तुटक रेषेनं नकाशावर आली. माळाच्या कडेच्या दोन वस्त्यांची नावं राहिली होती. ती विचारायला दहावीतली एक मुलगी सायकलवर टांग मारून निघाली.