सामायिक ऑनलाइन वर्ग

सामायिक ऑनलाइन वर्ग : एकट्या शाळेला चालवणे परवडत नाही असे विषय अनेक शाळांनी मिळून, आपापले शिक्षक एकमेकींच्या विद्यार्थ्यांना इंटरनेटवरून उपलब्ध करून देत शिकवण्याची पद्धत. ती मुख्यतः नववी ते बारावीसाठी वापरली जाते. सहभागी शाळा आपल्या एका शिक्षकाचा एक वर्ग सर्वांसाठी खुला करते आणि त्या बदल्यात इतर शाळांच्या वर्गांत आपल्या मुलांसाठी ठरावीक जागा मिळवते.

ठाणे जिल्ह्यात ही कल्पना समजावून सांगायला लांब जावे लागत नाही. भातलावणीच्या दिवसांत मुरबाड-शहापूरकडे शेतकरी सावड करतात: आज सगळे मिळून एकाचे खाचर लावायचे, उद्या दुसऱ्याचे. मजुरीचे पैसे कोणी कोणाला देत नाही, पण कोणाच्या घरची किती माणसे किती दिवस आली याचा हिशेब मात्र सगळ्यांच्या तोंडपाठ असतो. सामायिक वर्ग ही शिकवण्याची सावड आहे, आणि सावडीसारखीच ती हिशेब चोख असेल तोवरच टिकते.

या पद्धतीचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतले आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हडसन या गावच्या सरकारी शाळा आणि कॉन्कॉर्ड कन्सॉर्टियम ही शिक्षण-तंत्रज्ञानावर काम करणारी संस्था यांनी 1996 मध्ये केंद्र सरकारच्या अनुदानातून ‘व्हर्च्युअल हायस्कूल’ उभे केले. पहिले वर्ग 1997 मध्ये सुरू झाले. अनुदानाची पाच वर्षे संपत आली तेव्हा, 2001 मध्ये, त्याची स्वतंत्र ना-नफा संस्था झाली आणि सहभागी शाळांच्या वर्गणीवर ती चालू राहिली. पुढे तिने व्हीएचएस लर्निंग हे नाव घेतले. त्याच सुमारास, 1997 मध्येच, फ्लोरिडा राज्याने आपली स्वतंत्र ऑनलाइन शाळा काढली होती. तिथे शिक्षक त्या शाळेचेच नोकर असतात आणि विद्यार्थी बाहेरून येतात. हडसनच्या रचनेत शिक्षक आपल्याच शाळेत, आपल्याच पगारावर राहतो, फक्त त्याचा एक वर्ग गावोगावच्या मुलांचा असतो. माझ्या मते आपल्याकडच्या अनुदानित शाळांना विचार करण्याजोगी रचना हीच आहे, कारण तिच्यात नवी भरती लागत नाही.

जागांचे गणित : हडसनच्या रचनेत एका शिक्षकाच्या एका वर्गामागे शाळेला एका सत्रात 25 जागा मिळत. हेच गणित ठाण्याला लावून पाहू. नौपाडा, कळवा, ऐरोली आणि कोपरखैरणे इथली चार कनिष्ठ महाविद्यालये एकत्र आली असे धरू. एकाकडे भूशास्त्राचे शिक्षक आहेत, दुसऱ्याकडे जर्मनचे, तिसऱ्याकडे तर्कशास्त्राचे, चौथ्याकडे पालीचे. हे चारही विषय राज्य मंडळाच्या बारावीच्या यादीत आहेत, पण एका महाविद्यालयात पालीला सहा आणि भूशास्त्राला आठ मुले मिळाली तर तुकडी उभी राहत नाही आणि विषय बंद होतो. चौघांनी एकेक वर्ग दिला की 100 जागा तयार होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला 25 येतात. त्या 25 मधून कोणाला कुठे बसवायचे ते ज्या त्या महाविद्यालयाने ठरवायचे. सहा मुलांसाठी पालीचा शिक्षक कुठून आणायचा, हा प्रश्नच उरत नाही.

वर्ग चालतो कसा, याबद्दल आपल्याकडे एक पक्का गैरसमज आहे आणि तो मार्च 2020 नंतरच्या टाळेबंदीत रुजला. तेव्हा शाळेचे वेळापत्रक जसेच्या तसे मोबाइलवर आले. चाळीस मुले, कॅमेरे बंद, ‘सर, आवाज येत नाहीये’. सामायिक वर्ग बहुधा असा थेट तासिकेने भरत नाही. कामाची आखणी आठवड्याची असते: वाचायचा मजकूर, घरी करता येईल अशी एखादी कृती, चर्चेचा प्रश्न, सादर करायचे लेखन. ते कोणत्या दिवशी, किती वाजता करायचे हे विद्यार्थी ठरवतो, पण आठवडा संपायच्या आत ते झालेच पाहिजे. शाळा-शाळांची वेळापत्रके जुळवण्याचे संकट त्यामुळे टळते. एक महाविद्यालय सकाळच्या सत्रात आणि दुसरे दुपारच्या सत्रात भरणाऱ्या ठाण्यात ही सोय फार मोलाची ठरेल.

भूशास्त्राचा एक आठवडा डोळ्यांसमोर आणावा. काम असे: घराजवळचा खडक शोधा, शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवून फोटो काढा, रंग, कण आणि पोकळ्यांचे वर्णन लिहा. दिघ्याची मुलगी पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याचा काळा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला खडक, टिपते. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले आहेत. शहापूरचा मुलगा माहुलीच्या उभ्या सुळक्यांचा फोटो टाकतो. या चमूत रत्नागिरीची एखादी शाळा असेल तर तिथून तांबडा, छिद्राछिद्रांचा जांभा येतो. पारसिक आणि माहुली दोन्ही सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे, मग एक ठोकळ्यासारखा आणि दुसरा सुळक्यांसारखा का? आणि जांभा हा त्याच बेसॉल्टचा झिजून बदललेला अवतार, हे कशावरून ओळखायचे? ही चर्चा एका शाळेच्या चार भिंतींत झालीच नसती, कारण तिथे सगळ्यांच्या खिशात एकच खडक असता. मुलांनी आधी रोमन लिपीत ‘हा दगड काळा आहे’ छापाचे लिहावे, शिक्षकाने देवनागरीचा आग्रह धरावा आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत ‘कणरचना’ हा शब्द कोणीतरी सहज वापरावा, हीही भाषेची शिकवणीच. मराठी माध्यमातून विज्ञान लिहायची सवय अशीच लागते.

शाळेतला माणूस : या पद्धतीत ज्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि ज्याच्यावाचून ती कोसळते, तो म्हणजे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या शाळेतला समन्वयक. तो विषय शिकवत नाही. कोणी आठवडाभर लॉगिन केलेले नाही, कोणाचा मोबाइल भावाने नेला, कोणाच्या घरी वाय-फाय नाही, हे त्याला कळते, कारण मूल त्याला व्हरांड्यात रोज भेटते. दूरच्या शिक्षकाला फक्त रिकामा रकाना दिसतो. हडसनच्या रचनेत म्हणूनच प्रत्येक सहभागी शाळेला असा समन्वयक नेमणे बंधनकारक होते, आणि शिक्षकांनाही वर्ग हाती देण्यापूर्वी ऑनलाइनच दीर्घ प्रशिक्षण दिले जाई. फळ्यासमोर उत्तम शिकवणाऱ्याला लेखी चर्चा चालवता येईलच असे नसते. आपल्याकडे समन्वयकासाठी जागा आयती आहे: बारावीला दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेणाऱ्या मुलांमुळे बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांत संगणक कक्ष आहे. आठवड्यातून तीन तासिका तो या मुलांसाठी उघडा ठेवणे आणि तिथे एक शिक्षक बसवणे, एवढ्याने घरी साधन नसलेल्या मुलांची निम्मी अडचण सुटेल.

खरी अडचण कागदावरची आहे. आपल्याकडे शिक्षकांची पदे संचमान्यतेने, म्हणजे शाळेला किती पदे द्यायची याच्या सरकारी मंजुरीने, ठरतात आणि ती शाळेच्या स्वतःच्या पटावर अवलंबून असते. ऐरोलीच्या शिक्षिकेने नौपाड्याची सहा, कळव्याची सात मुले शिकवली तर ती मुले तिच्या पटावर येत नाहीत. तिचा कार्यभार कमी दिसतो आणि ती अतिरिक्त ठरण्याची भीती राहते. ज्या शिक्षिकेमुळे चार संस्थांना विषय मिळाला तिच्याच पदावर गदा यावी, हा अन्याय आहे. सावडीच्या दिवसांची नोंद होणार नसेल तर कोणी दुसऱ्याच्या खाचरात उतरणार नाही. प्रशासनही एकसंध नाही: जिल्ह्यात ठाणे आणि नवी मुंबईसह सहा महानगरपालिका, शिवाय जिल्हा परिषद आणि असंख्य खाजगी संस्था आहेत. मात्र परीक्षेपुरते सगळे एका छताखाली येतात, कारण मुंबई विभागीय मंडळाचे कार्यालय वाशीत आहे आणि ठाणे, पालघर, रायगड व मुंबई त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे परीक्षा अर्ज, हजेरी आणि बैठक क्रमांक मुलाच्या मूळ महाविद्यालयाकडे ठेवून अंतर्गत गुण शिकवणाऱ्या शिक्षकाने कळवायचे, ही व्यवस्था बसवायला तुलनेने सोपी आहे.

शाळांनी साधने वाटून घ्यावीत हा विचार आपल्याकडे नवा नाही. डॉ. दौ. सिं. कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (1964–66) शाळा संकुलाची कल्पना मांडली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक कोल्हापूर जिल्ह्यातले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीच पुन्हा पुढे आणली आणि एक माध्यमिक शाळा व तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातल्या शाळा असे संकुल सुचवले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात दहा किलोमीटरमध्ये भरपूर शाळा बसतात. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर त्याच अंतरात बारावीपर्यंतचा विज्ञान वर्ग मिळणेही कठीण होते. सामायिक वर्गाला अंतराची ही मर्यादा नाही, म्हणून त्याचा लाभ पहिल्यांदा तिकडच्या मुलांना मिळायला हवा.

प्रात्यक्षिके मात्र पडद्यावर होत नाहीत. भूशास्त्राला खनिजाचा कस, म्हणजे घासल्यावर उमटणारी रंगाची रेघ, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यावर स्वतः ओढून पाहावा लागतो, कॅल्साइटवर आम्लाचा थेंब टाकून फसफसणे बघावे लागते. त्यासाठी सत्रातून दोनदा सगळ्यांनी एका प्रयोगशाळेत जमायचे. कोपरखैरणे-ऐरोलीची मुले ठाणे-वाशी लोकलने अर्ध्या तासात ठाण्याला पोहोचतात, शहापूरची आसनगावहून गाडी धरतात. मुरबाडला रेल्वे नाही, तिथल्यांना आधी कल्याणपर्यंत एसटीने यावे लागते. म्हणून दोनपैकी एक प्रात्यक्षिक मुरबाडलाच ठेवावे आणि नमुन्यांची पेटी घेऊन शिक्षकांनी तिकडे जावे.