१८८८ चे ‘नेटिव्ह्ज’ आणि १९०५ चे ‘ओरिजिनल्स’

न्यूझीलंडचा रग्बी संघ पहिल्यांदा इंग्लंडला कधी गेला, असं विचारलं की बहुतेक जण १९०५ सांगतात. त्या संघाचं नावच तसं पडलं आहे: ‘ओरिजिनल्स’, म्हणजे मूळचे. पण त्याच्या १७ वर्षं आधी ‘न्यूझीलंड नेटिव्ह्ज’ ब्रिटनमध्ये ७४ सामने खेळून गेले होते. दोघांची जर्सी काळी, दोघेही माओरींचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, ‘हाका’ हे युद्धनृत्य करणारे. त्यामुळे गल्लत होते, आणि दर वेळी नेटिव्ह्जचं श्रेय ओरिजिनल्सच्या नावावर जमा होतं.

१९०५ चा संघ अधिकृत राष्ट्रीय संघ होता. न्यूझीलंड रग्बी युनियनने तो निवडला आणि पाठवला. ही संघटना १८९२ ची. १८८८ मध्ये ती नव्हतीच. तेव्हा ‘जो’ वॉरब्रिक या खेळाडूने संघ जमवला आणि थॉमस आयटन वगैरे मंडळींनी दौऱ्याचा व्यवहार सांभाळला. खर्च तिकिटांच्या पैशातून भागवायचा, म्हणून सामन्यांवर सामने. मायदेश, ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन मिळून सुमारे १४ महिन्यांत १०७ सामने खेळले, ७८ जिंकले. संघात २६ जण, बहुतेक माओरी, त्यातले पाच वॉरब्रिक भाऊ. दुखापती घेऊन, पुरेशी झोप न मिळता ही मुलं पुन्हा मैदानात उतरत होती. म्हणून त्यांचे २३ पराभव मला उणे वाटत नाहीत.

ओरिजिनल्सचा हिशेब डोळे दिपवणारा आहे. डेव्ह गॅलहरच्या नेतृत्वाखाली ३५ पैकी ३४ विजय. पहिल्याच सामन्यात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्याच्या संघाला ५५-४ असं लोळवलं. न्यूझीलंडच्या संघाचं ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव जगभर झालं ते याच दौऱ्यात.

वादग्रस्त ‘ट्राय’चे (चेंडू समोरच्या संघाच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळवण्याचे) किस्सेही एकमेकांत मिसळतात. ओरिजिनल्सचा एकमेव पराभव कार्डिफमध्ये वेल्सकडून, ०-३. आपल्या बॉब डीन्सने रेषेपलीकडे चेंडू टेकवला, असं न्यूझीलंडचं म्हणणं. पंचांनी तो मानला नाही. नेटिव्ह्जच्या बाबतीत उलटं घडलं. १८८९ मध्ये ब्लॅकहीथला इंग्लंडच्या स्टॉडर्टची चड्डी फाटली. त्याची लाज राखायला नेटिव्ह्जनी त्याच्याभोवती कडं केलं. तेवढ्यात इंग्लंडचा एव्हरशेड चेंडू घेऊन धावला, आणि पंचांनी ट्राय दिला. पंच होते रोलंड हिल, इंग्लंडच्या रग्बी युनियनचेच सचिव. काही नेटिव्ह खेळाडू मैदान सोडून गेले, आणि टीकेचा भडिमार झाला तो मात्र त्यांच्यावरच. डीन्सचा किस्सा आजही रंगवून सांगतात. हा अन्याय त्याहून मोठा होता.

आणि ती काळी जर्सी? काळ्यावर चंदेरी नेच्याचं पान हे नेटिव्ह्जचंच चिन्ह. त्याच संघातून खेळलेल्या टॉम एलिसनने १८९३ मध्ये युनियनपुढे प्रस्ताव मांडला आणि तो देशाचा पोशाख झाला. गॅलहरचा संघ १९०५ मध्ये तोच पोशाख घेऊन बोटीवर चढला, तेव्हा एलिसन हयात नव्हता. वॉरब्रिकही नाही, १९०३ मध्ये वाइमांगूच्या उष्ण फवाऱ्याच्या उद्रेकात तो गेला होता.