लहान खोलीतील स्टिरिओ स्पीकर : निवड आणि मांडणी

स्टिरिओ ध्वनीत गायक, तबला, तानपुरा हे दोन स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपापल्या ठिकाणी बसलेले ऐकू यावेत, यासाठी स्पीकर आणि श्रोता यांच्या जागा ठरवण्याची पद्धत. प्रमाण मांडणीत दोन स्पीकर व श्रोता समभुज त्रिकोणाच्या कोनबिंदूंवर असतात, ट्वीटर (तार स्वरांचा छोटा ध्वनिक्षेपक) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला (जमिनीपासून सुमारे ९० ते १०० सेंमी.) आणि भिंती स्पीकरांपासून दूर असतात. शहरातल्या फ्लॅटमध्ये ही शेवटची अट बहुधा कागदावरच राहते.

खरी अडचण खर्जाची. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मी. असतो. समोरासमोरच्या भिंतींमधील अंतराच्या दुप्पट तरंगलांबी असलेला स्वर त्या भिंतींमध्ये घुमत राहतो. १० × १२ फुटांच्या खोलीत असे अनुनाद साधारण ५६ व ४७ हर्ट्‌झला येतात. खोली चौरस असेल तर दोन्ही एकावर एक पडतात, आणि छतही तेवढेच उंच असले तर तिसरा त्यात भर घालतो. डग्ग्यावरची मींड ऐकून हे चटकन कळते : स्वर चढत असताना एखाद्या जागी तो अचानक फुगतो, पुढच्याच क्षणी गायब होतो. वादकाचा हात तसा नसतो. तो खोलीचा प्रताप.

वीट-काँक्रीटच्या भिंती खर्ज जवळजवळ जसाच्या तसा परतवतात. अमेरिकी घरांतल्या लाकडी सांगाड्यावरच्या जिप्समच्या भिंती त्यातला काही गिळतात. म्हणून तिकडच्या घरांत शोभणारा मोठा वूफर (खर्जाचा ध्वनिक्षेपक) इथे डोकेदुखी ठरू शकतो. लहान खोलीला पाच-साडेसहा इंची वूफरचा, शक्यतो बंद पेटीचा स्पीकर बरा : त्याचा खर्ज हळूहळू उतरतो आणि भिंत ती उणीव बरीचशी भरून काढते. बीबीसीने १९७०च्या दशकात बाह्यप्रक्षेपणाच्या (स्टुडिओबाहेरून कार्यक्रम प्रक्षेपित करण्याच्या) गाड्यांतील दाटीवाटीसाठी बनवलेला एलएस३/५ए हा स्पीकर याच जातीचा, सुमारे पाच लिटरच्या बंद पेटीचा. मागे भोक असलेला स्पीकर आधीच घरात असेल तर भोकात स्पंजचा बोळा घालून तो बंद पेटीसारखा करून पाहावा.

मांडणीत पहिला नियम : दोन्ही स्पीकरांची परिस्थिती सारखी हवी. एक कोपऱ्यात आणि दुसरा पॅसेजच्या तोंडाशी असेल, तर खर्ज एका बाजूला झुकतो. मग स्पीकर टीव्हीच्या शेजारीच ठेवण्याचा हट्ट सोडून दुसरी भिंत निवडणे उत्तम. प्रत्येक स्पीकरचे मागच्या भिंतीपासूनचे आणि बाजूच्या भिंतीपासूनचे अंतर मात्र एकमेकांइतके नसावे, कारण मग दोन्ही भिंतींवरून परावर्तित लहरी एकाच स्वराला एकदम मारतात, म्हणजे क्षीण करतात. भिंतीपासून ६० सेंमी.वर हा मार साधारण १४३ हर्ट्‌झला बसतो.

सोफा भिंतीला टेकवलेला असतो, आणि खर्जाचा दाब सर्वाधिक तिथेच असतो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसले तर लांबीचा पहिला अनुनाद जवळजवळ ऐकूच येत नाही. भिंतीपासून एक-तृतीयांश अंतरावर सुरुवात करून खुर्ची वीतभर पुढे-मागे सरकवावी. स्पीकर बदलण्याआधी हे करून पाहिले तर अनेकदा खर्च वाचतो.

जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट यांनी फरशीवरून व भिंतींवरून येणारी झणझण कमी होते. पण ५० हर्ट्‌झची तरंगलांबी जवळजवळ ७ मी. असते, तिला पडद्याचे काही वाटत नाही. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवणे ही तर निव्वळ हौस. इक्वलायझरने (वेगवेगळ्या स्वरांची पातळी कमीजास्त करणाऱ्या साधनाने) फुगवटा छाटता येतो. गायब झालेला स्वर मात्र त्याने परत येत नाही, फक्त अँप्लिफायर आणि वूफर यांच्यावरचा ताण वाढतो.