कॉम्फ्री

कॉम्फ्री : (शास्त्रीय नाव : सिंफायटम ऑफिसिनेल, कुल : बोरॅजिनेसी). यूरोप व पश्चिम आशियात नद्या-ओढ्यांच्या काठी आणि ओलसर चरांत वाढणारी बहुवर्षायू ओषधी. जुन्या वर्गीकरणात आपली भोकरही याच कुलात येते. झाड साधारण १ मीटर उंच होते. पाने मोठी, लांबट आणि राठ केसांनी भरलेली असतात. उघड्या हाताने तोडली तर खाज सुटते. पानाचा तळ खोडावर पट्टीसारखा खाली उतरत जातो, ही तिची चांगली खूण. फुले लोंबती, घंटेच्या आकाराची, पांढुरकी, गुलाबी वा जांभळी. मूळ बाहेरून काळे, आतून पांढरे आणि कापले की बुळबुळीत लागते.

औषध म्हणून नाव झाले ते मुख्यतः या मुळामुळे. पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीझ याने तिची नोंद केली आहे. पुढे यूरोपभर हाड मोडले, पाय मुरगळला, मुका मार लागला की तिचा लेप ठरलेला. ताजे मूळ धुऊन किसायचे, चिकट लगदा कापडावर पसरून अवयवाभोवती गुंडाळायचा आणि सुकू द्यायचा. वाळल्यावर तो कडक होतो आणि हाड हलू देत नाही. लेपाच्या यशातला बराचसा वाटा या आधाराचाच असावा.

मुळात औषधी द्रव्य मात्र आहेच. लिव्हरपूलचे डॉक्टर चार्ल्स मॅकॅलिस्टर यांनी १९१२ मध्ये कॉम्फ्रीतील अॅलन्टॉइन या द्रव्याचा जखमा भरण्याशी संबंध जोडला. ते आज अनेक क्रीममध्ये वापरतात. मुळातलेच रोझमॅरिनिक अम्ल सूज उतरवायला मदत करते. घोट्याची मुरगळ आणि पाठदुखी यांवर मुळाच्या मलमाचा उपयोग वैद्यकीय चाचण्यांत दिसून आला आहे. मोडलेले हाड लवकर जुळते, या दाव्याला तसा भक्कम आधार नाही.

पोटात घेण्याचा प्रकार मात्र घातक आहे. पोटातील व्रण आणि खोकला यांसाठी पानांचा चहा पिण्याची प्रथा होती. पण झाडात पायरोलिझिडीन अल्कलॉइडे नावाची रसायने असतात. पानांपेक्षा मुळांत जास्त, जून पानांपेक्षा कोवळ्या पानांत जास्त. यकृतात त्यांचे विषारी पदार्थ बनतात आणि तिथल्या बारीक शिरा बंद पडतात. त्रास आठवड्यांनी, कधी महिन्यांनी दिसतो, त्यामुळे चहावर संशयही जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये कॉम्फ्रीयुक्त पूरक आहार बाजारातून काढून घेण्यास उत्पादकांना सांगितले. मलमही उघड्या जखमेवर लावू नये. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी तेही टाळावे. फुले येण्यापूर्वी तिची पाने डिजिटॅलिस या विषारी वनस्पतीच्या पानांसारखी दिसतात आणि या गफलतीतून हृदयावर परिणाम होऊन माणसे दगावली आहेत.

महाराष्ट्रात ही वनस्पती रानात आढळत नाही. होमिओपॅथीच्या दुकानांत हाडांसाठी मिळणारे 'सिंफायटम' मात्र तिच्यापासूनच बनते. आपल्याकडे हाड मोडल्यावर वापरली जाणारी कांडवेल, म्हणजेच हाडसांधी, ही द्राक्षकुलातली वेल. तिचा कॉम्फ्रीशी संबंध नाही.

इंग्लंडमधील हेन्री डबलडे यांनी १८७०च्या दशकात रशियातून कॉम्फ्रीची संकरित रोपे आणली. टपाल तिकिटांच्या डिंकासाठी तिचा चिकटा वापरावा, असा त्यांचा मनसुबा होता. तो फसला, पण रोपे टिकली. त्यातल्याच 'बॉकिंग १४' या वाणाला बी धरत नाही. तो मुळांच्या तुकड्यांपासून लावतात. त्याची पाने पाण्यात कुजवून टोमॅटोसाठी पोटॅशयुक्त खत करतात. त्याला दुर्गंधी इतकी येते की पिंप घरापासून लांबच ठेवावे लागते.