एकटेपणात वेळ जात नाही म्हणे, मग सिफ्रचे २५ दिवस गेले कुठे?

एकटं राहिलं की वेळ जाता जात नाही, दिवस खायला उठतो, हे सगळेच म्हणतात. त्यावरून आपण गृहीत धरतो की कुणाला महिनाभर एकटं कोंडलं तर त्याला वर्ष गेल्यासारखं वाटेल. होतं नेमकं उलटं!

१९६२ साली मिशेल सिफ्र हा २३ वर्षांचा फ्रेंच भूवैज्ञानिक घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गोठवणाऱ्या गुहेत दोन महिने राहिला. उठलो, जेवलो, झोपतोय एवढं तो फोनवरून वर कळवायचा, पण वरच्यांनी त्याला वेळ सांगायची नाही असं ठरलेलं. १४ सप्टेंबरला प्रयोग संपला तेव्हा त्याच्या हिशेबानं २० ऑगस्ट चालू होता.

आता यातली खरी गंमत. मेंदू वेळेचा अंदाज दोन अगदी वेगळ्या वाटांनी लावतो. वेळ चालू असताना सगळं काम लक्षाचं असतं. शास्त्रज्ञांच्या एका मॉडेलनुसार आत कुठेतरी पेसमेकरसारखं काहीतरी ठोके टाकत असतं, ठोके मोजणारा वेगळा, आणि दोघांच्या मधे लक्षाचं फाटक. तुम्ही कशाची वाट बघत असाल, हाताला काम नसेल, तर लक्ष वेळेवरच, फाटक सताड उघडं, जास्त ठोके मोजले जातात आणि दहा मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. कामात बुडालात की ठोके निसटतात. पण मागे वळून "किती दिवस झाले?" असं विचारलं की हे ठोके कामाचेच नाहीत, ते साठवून ठेवलेले नसतात, तिथे मेंदू आठवणी चाचपतो आणि नवीन किती घडलं, काय बदललं यावरून लांबी ठरवतो. गुहेत रोज तोच अंधार, तोच तंबू. म्हणजे दुपार संपता संपत नाही आणि महिना मात्र चिमूटभर!

बेआत्रिस फ्लामिनी ही स्पॅनिश गिर्यारोहक २०२३ मधे ५०० दिवस गुहेत काढून बाहेर आली, तिला वाटत होतं १६०-१७० दिवस झाले असतील.

पेसमेकरचा वेगही बदलतो बरं का. ताप आला की माणूस सेकंद भराभर मोजतो, हडसन होगलंड या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात आपल्या आजारी बायकोवरच हे तपासलं. उलट गारठलेल्या सिफ्रला सेकंदाला एक या वेगानं १२० पर्यंत मोजायला सांगितलं तर पाच मिनिटं लागली. उंदरांना डोपामाइन या मेंदूतल्या रसायनावर परिणाम करणारी औषधं दिली तरी त्यांचा वेळेचा अंदाज चुकतो.

आणि या सगळ्यात सिफ्रचं शरीर चुकलंच नव्हतं. फोनच्या नोंदी तपासल्या तर त्याचं झोप-जागेचं चक्र साधारण साडेचोवीस तासांचंच निघालं. अख्खी रात्र झोपून उठायचा आणि समजायचा की जरा डुलकी लागली होती.